उष्णतेची गळती

मशीन वडिलांच्या ताब्यात देताना चिरंजीवांनी एकच आकडा पुन्हा पुन्हा सांगितला, आणि तिथेच सगळी फसगत झाली.

"बाबा, सत्तर. तापमान सत्तरच्या वर जाऊ द्यायचं नाही. सत्तर लक्षात ठेवा."

"सत्तर म्हणजे सत्तर," बॉयलरकाका म्हणाले. "निर्धास्त जा."

काकांचा उभा जन्म कापडगिरणीच्या बॉयलरवर गेला होता. निवृत्त झाल्यावर गिरणी सुटली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. त्या धंद्यात साहेबाने आकडा सांगितला की काटा तिथेच उभा राहिला पाहिजे. वर गेला तर साहेब ओरडतो. खाली आला तर अख्खी गिरणी थांबते आणि मग मालक ओरडतो. त्यामुळे थोडं वर चालेल, पण खाली अजिबात नाही, हे काकांच्या हाडीमांसी खिळलेलं होतं. चिरंजीव बोलले ते त्यांनी मन लावून ऐकलं आणि समजून मात्र स्वतःच्या पद्धतीने घेतलं.

मशीन मागच्या छोट्या खोलीत, लोखंडी मांडणीवर होतं. बुटांच्या खोक्याहून जरा मोठं, दोन्ही टोकांना पंखे. इंटरनेटवर चालणारी नाणी आकडेमोड करून खणून काढणं हे त्याचं काम. आकडेमोड करता करता ते तापायचं, आणि तापलं की पंखे बोंब ठोकायचे. शेजारी एक जुना लॅपटॉप होता. त्यावर तापमान दिसायचं आणि विजेची तीन बटणं: कमी, मध्यम, जास्त. चिरंजीवांच्या सूचना सरळ होत्या. मध्यमवर ठेवा, खिडकी उघडी ठेवा, तापमान चढायला लागलं तर कमीवर आणा.

खरं तर कंपनीच्या कामासाठी परगावी जाताना तो मशीन बहिणीकडे ठेवणार होता. तिचा नवरा संगणकातला. पण काका अडून बसले. निवृत्तीनंतर घरात त्यांच्यावर सोपवलेली कामं म्हणजे पार्सलवाल्याला दार उघडणं आणि डब्यांची झाकणं उघडून देणं. इतक्या वर्षांनी घरात तापणारी एक वस्तू आली होती आणि तीही जावयाकडे जाणार म्हटल्यावर त्यांना फार लागलं.

"ठीक आहे," चिरंजीव शेवटी म्हणाला. "पण काही गडबड झाली तर मशीन तिकडे जाणार. मग रुसायचं नाही."

"गडबड?" काका नुसते हसले.

पहिल्या दिवशी सकाळी काटा पासष्टवर होता. काका जेवले आणि नेहमीप्रमाणे कोपऱ्यावरच्या बाकावर निवृत्त मित्रमंडळींत जाऊन बसले. चहाच्या वेळी परतले, लॅपटॉप पाहिला आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिला. चाळीस!

"अगं, तू मशीनला हात लावलास का?"

"मी कशाला हात लावू तुमच्या मशीनला?" काकू आधण ठेवत म्हणाल्या. "मला दुसरे उद्योग नाहीत?"

काकांनी खोलीत उभं राहून चारी दिशांना हात फिरवला. खिडकीपाशी गार वारा लागला आणि कोडं सुटलं. उष्णता गळत होती! पोराने मुद्दाम खिडकी उघडी ठेवायला सांगितली होती. शिकलेली मुलं अशीच, स्वतः आग लावायची आणि दारं सताड उघडी टाकायची. काकांनी खिडकी बंद केली.

दुसऱ्या दिवशीही चहाच्या वेळी चाळीस. मग दाराच्या फटीत जुने टॉवेल गेले. त्यानेही भागेना, तेव्हा काकांनी खास धंद्यातलं काम काढलं. गिरणीत वाफेच्या नळांना जाड आवरण असायचं, उष्णता वाया जाऊ नये म्हणून. इथे त्यांनी मशीनभोवती आधी स्वयंपाकघरातला चंदेरी कागद गुंडाळला, त्यावर रजई, रजईवर दोरी. पंख्यांच्या तोंडाशी बोटभर जागा सोडली, कारण ते काही निर्दयी नव्हते. बांधणी इतकी नेटकी झाली की दोन पावलं मागे जाऊन त्यांनी ती डोळे भरून पाहिली.

आता काटा सकाळी झपझप चढू लागला. पंचाहत्तर झाले. काका क्षणभर थबकले, पण हिशेब पक्का होता. दुपारी पडणारच आहे, तर सकाळीच थोडी शिल्लक चढवून ठेवावी. त्यांनी 'जास्त'चं बटण दाबलं, काटा पंच्याऐंशीवर नेला आणि मगच बाकावर गेले. आले तेव्हा चाळीस!

"चाळणी आहे की काय ही खोली!" काका ओरडले.

"चहा घ्या," काकू म्हणाल्या. त्यांचा चेहरा मात्र झोप झाल्यासारखा टवटवीत होता.

'जास्त'वर मशीन चालू असताना काकूंनी इस्त्री लावली आणि घराची वीज गेली. काकांनी एमसीबीचा पडलेला खटका वर केला आणि जागच्या जागी फर्मान काढलं. सकाळी इस्त्री बंद, मिक्सर बंद, पाणी तापवायचं यंत्र तर नावच नको.

"मग अंघोळ?"

"गार पाण्याने. तब्येतीला बरी असते."

"घरात भट्टी पेटलीय आणि अंघोळ गार पाण्याने," काकू म्हणाल्या. "चांगला संसार आहे." पण त्या पुढे काहीच बोलल्या नाहीत, आणि काकू पुढे काही बोलत नाहीत याचा अर्थ काय असतो हे इतक्या वर्षांच्या संसारात काकांना कळायला हवं होतं.

मग शेजारची नर्स आली. तिची झोपायची खोली मशीनच्या भिंतीपलीकडे होती.

"काका, तुमच्याकडे कुणी आजारी आहे का?"

"नाही. का?"

"आमच्या भिंतीला ताप आलाय. हात लावून पाहिला. एकशे दोन तरी असेल."

काकांचा चेहरा उजळला. "म्हणजे तिकडून गळतेय तर! तुमच्या बाजूने एखादी गादी उभी करता का भिंतीला?"

नर्सने त्यांच्याकडे रुग्णाकडे पाहतात तसं पाहिलं आणि ती निघून गेली.

चिरंजीवांचा सकाळीच फोन आला त्या दिवशी काका मोठ्या खुशीत होते.

"बाबा, मशीनचं काम फार कमी होतंय असं इथे खात्यावर दिसतंय. सगळं ठीक आहे ना?"

"उष्णता गळत होती. बंदोबस्त केलाय."

"कसला बंदोबस्त?"

"गुंडाळलंय."

"काय गुंडाळलंय?"

"मशीन. रजईत."

"बाबा," अगदी बारीक आवाज आला. "तापमान किती आहे?"

"पंच्याऐंशी!" काका म्हणाले. पोराचे परीक्षेतले गुणही त्यांनी कधी इतक्या अभिमानाने सांगितले नव्हते. "दुपारी जरा उतरतं, पण मी सोडतोय थोडाच!"

"बाबा, ते थंड ठेवायचं असतं! थंड! जितकं थंड, तितकं चांगलं. फार तापलं की ते जिवाच्या भीतीने कामच कमी करतं. आणखी तापलं तर जळून जाईल. मी निघालोच!"

काका फोन हातात धरून तसेच बसले. उष्णता हा शत्रू असू शकतो, हे त्यांना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. मग ते उठले, 'कमी'चं बटण दाबलं आणि दोरीची गाठ सोडायला गेले. पण गाठ त्यांनीच मारलेली, सहजासहजी सुटते कशाला! जेवणं झाली तरी सुटेना, आणि काकूंकडे कात्री मागावी तर कारण सांगावं लागणार, म्हणून ते बाजारातून चांगला सुरा आणायला गेले. तासाभराने सुरा घेऊन परतले, तर फाटकाशीच चिरंजीव रिक्षातून उतरताना भेटले. दोघं जिना चढले.

मागच्या खोलीचं दार उघडलं. आवाज नाही. पंखे फिरत नव्हते. हिरवा दिवा विझलेला. रजईतलं मशीन निपचित पडलं होतं.

"गेलं," काका म्हणाले.

काका स्टुलावर बसले. आयुष्यात एकही बॉयलर त्यांनी थंड पडू दिला नव्हता, आणि पोराने विश्वासाने दिलेली एवढीशी पेटी त्यांच्या हातून मेली. आता जावई येणार, मान हलवणार, "असू दे बाबा" म्हणणार. ओरडला असता तरी चाललं असतं, पण ते "असू दे" काकांना सहन होणार नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

"ते जावयाकडे पाठव," ते म्हणाले. "माझ्याने नाही होत आता."

तेवढ्यात शेजारच्या खोलीचं दार वाजलं. काकू जांभई देत, केसांचा अंबाडा बांधत आल्या. अर्धवट मिटल्या डोळ्यांनीच त्यांनी भिंतीवरचं बटण दाबलं. मशीन घरघरलं, हिरवा दिवा लागला, पंखे फिरू लागले.

"अगंबाई, तू कधी आलास?" मुलाला पाहून त्या म्हणाल्या. "थांब, चहा टाकते."

"आई, हे तू बंद केलं होतंस?"

"रोजच करते. झोपू देतं का मेलं? कानाशी विमान उडाल्यासारखं. हे बाकावर गेले की बंद करते, मी झोपून उठले की चालू करते."

"मी विचारलं तेव्हा नाही म्हणालीस!" काका उसळले.

"तुम्ही मशीनला हात लावलास का म्हणून विचारलंत. मी भिंतीला हात लावला."

चिरंजीवाने काकांनी आणलेल्या सुऱ्याने दोरी कापली, रजई सोडवली, आत बाहेर तपासलं, लॅपटॉपवर काहीबाही पाहिलं. बराच वेळ गेला.

"शाबूत आहे," तो म्हणाला. "रोज दुपारी गार व्हायला मिळालं म्हणून वाचलं. नाहीतर एव्हाना कोळसा झाला असता." मग त्याने बापाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि निर्णय दिला. "मशीन इथेच राहील. पण आजपासून आईच्या ताब्यात."

"माझ्या?" काकू घाबरल्या. "अरे, मला काय कळतंय त्यातलं? झोपताना बंद करायचं आणि उठल्यावर चालू करायचं, एवढंच येतं मला."

"तेवढंच पुरे आहे."

बाबांना फार लागलं असणार असं वाटून चिरंजीव समजूत घालायला पुढे झाला. पण काका स्टुलावरून उठले होते. त्यांनी सदरा खाली ओढून सारखा केला, खिडकी स्वतःच्या हाताने सताड उघडली आणि बायकोकडे मोठ्या आदराने पाहिलं.

"अगदी योग्य झालं," ते म्हणाले. "मी काम केलं त्या प्रत्येक बॉयलरवर एक साहेब असायचा. त्यालाही एवढंच यायचं."

काकूंनी क्षणभर विचार केला. मग त्या रिकाम्या झालेल्या स्टुलावर ऐसपैस बसल्या.

"मग साहेबांसाठी चहा टाका," त्या म्हणाल्या.

काका स्वयंपाकघराकडे निघाले. गॅस कसा पेटवायचा, हे काही त्यांना कुणी शिकवायला नको होतं.