नाना अपडेट करतात

अपडेटच्या दिवशी आमचे शेजारी नाना दाढी करतात. आंघोळ, धुतलेला सदरा आणि मग कॉम्प्युटर. नवीन जालन्यातल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, की त्या तासाभरात पाण्याची मोटर लावायची नाही. व्होल्टेज पडलं, तर नाना दारात येऊन सात पिढ्यांचा उद्धार करतात.

एका बियाणे कंपनीच्या गोदामात चाळीस वर्षं काढलेला हा माणूस निवृत्तीनंतर कॉम्प्युटर चालवणारी लिनक्स प्रणाली शिकला आणि आम्हाला पिडू लागला. त्यातला पॅकेज मॅनेजर, म्हणजे सगळी सॉफ्टवेअर आणून जागच्या जागी बसवणारा प्रोग्रॅम, हा नानांच्या मते गोदामपाल. कुठलं पॅकेज कुठल्या लॉटचं, हे पाहिल्याशिवाय ते पुढचं बटण दाबत नाहीत. दीडशे ओळींची यादी बोट ठेवून वाचतात. "बराबर वाचावं, मंग दाबावं," हे त्यांचं पालुपद.

गेल्या महिन्यात मात्र नवी आवृत्ती टाकताना घोडं अडलं. पॅकेजं एकमेकांशी जुळेनात आणि मराठीत बातम्या वाचून दाखवणारा आवाज मुका झाला. हे वाईट झालं. नानांच्या बायकोची, म्हणजे काकूंची, नजर दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून त्यांची संध्याकाळ त्या आवाजावरच जायची. नाना पेपर विकत आणून त्यांना स्वतः वाचून दाखवू लागले आणि दिवसभर मशीनशी झटू लागले.

मी शहाणपणा केला. "नाना, फॉर्मॅट मारा ना सरळ. सगळं पुसून नव्यानं टाका."

"एक बी उगवलं न्हाई म्हणून वावर विकतो का कोनी?"

आठव्या दिवशी भिंतीपलीकडून आरोळी आली. धावत गेलो, तर नाना कपाळावर हात मारून हसत होते. पॅकेजं कुठून आणायची, त्या यादीत जुन्या आवृत्तीचं ठिकाणही त्यांनी चालूच ठेवलं होतं. नवं उगवेस्तोवर जुनं बी फेकायचं नाही, ही गोदामातली सवय! त्यामुळे निम्मा माल इकडचा, निम्मा तिकडचा.

"चाळीस वर्षं लोकांची भेसळ धरली, अन् घरात मीच भेसळ करून बसलो!"

जुनं ठिकाण काढलं, चुकीच्या लॉटची पॅकेजं बदलली आणि पुन्हा अपडेट लावलं. ओळींमागून ओळी सरकल्या, एकही तक्रार नाही. आणि तो आवाज खणखणीत बोलला! नानांनी मांडीवर थाप मारली. "बघ! कशाला पाह्यजे फॉर्मॅट अन् बिर्मॅट!" खरं सांगतो, मलाच निवडणूक जिंकल्यासारखं झालं.

काकू कान देऊन ऐकत होत्या. "चांगलं वाचून राह्यलंय," त्या म्हणाल्या. "पन मंग आता तुमी न्हाई वाचणार का? ह्याला तुमच्यासारखं मधीच थांबून बातमीशी भांडता येत न्हाई."

  नाना उगाचच चष्मा पुसत म्हणाले, "ह्यानं दुपारी वाचावं. संध्याकाळची पाळी माझी."