त्रेसष्ट गुणांची मोहीम

विज्ञानशाखेच्या तीन मजली इमारतीत, उन्हाळी परीक्षेचे निकाल लागोन अकरावे दिवशी, भौतिक आणि वनस्पती या दोन नामांकित दौलतींमध्ये जे तुंबळ युद्ध जाहले, त्याची हकीकत मागाहून येणारांस ठाऊक असावी आणि जिन्यात उभे राहून कोणी भलतेसलते सांगू लागला तर त्याचे तोंड बंद करण्यास कागद असावा, म्हणोन हा मजकूर जैसा घडला तैसा लिहिला आहे. लिहिणाराने कोणाची भीड धरिली नाही. चहा दोन्ही मजल्यांवरचा प्यालेला आहे, सबब पक्षपाताचा संशय नसावा.

भौतिकशास्त्राचा मुलूख तळमजल्यावर, लोलक, भिंगे आणि तारांची भेंडोळी यांनी गच्च भरलेला. तेथील अधिपती सव्वीस वर्षे एकच, राजमान्य राजश्री विभागप्रमुख, ज्यांस विद्यार्थी पाठीमागे अर्धेसर म्हणत. कारण ऐसे की, उत्तरापुढे एकक लिहिले नाही तर अर्धा गुण कापावा, आणि आकृतीस बाण नसेल तर अर्धा कापावा, आणि सर्व काही बिनचूक असेल तर पोराच्या डोक्यात हवा जाऊ नये म्हणोन अर्धा कापावा, ऐसा त्यांचा शिरस्ता. आणि या सालापावेतो त्यांचे लाल पेनाखालोन शंभरात साठ ओलांडून कोणी सहीसलामत गेला नव्हता. यास सर दर्जा म्हणत. घरीही तोच अंमल होता. पत्नी शाळेत शिक्षिका. तिने पान वाढिले की सरांनी एक घास घ्यावा आणि दहापैकी साडेसहा ऐसे जाहीर करावे, आणि तिने उरलेले साडेतीन उद्या वाढते म्हणोन हसावे, ऐसी वर्षानुवर्षांची वहिवाट पडली होती.

वरचे मजल्यावर वनस्पतिशास्त्राचे राज्य. खिडक्यांत कुंड्या, कपाटांत वाळलेली पाने, आणि गादीवर हिरवळबाई. बाईंचा हात सैल. उत्तर चुकले तर विचार तरी केला आहे म्हणोन दोन गुण द्यावे, आणि उत्तर लिहिलेच नाही तर उगाच थापा मारिल्या नाहीत म्हणोन एक द्यावा. मग त्या मुलखात पंचाऐंशीच्या खाली कोणी उतरला तर आजारी होता की काय, ऐसी घरी विचारपूस होई. खालचे लोक वरच्यांस दानशूर म्हणोन हिणवीत, आणि वरचे खालच्यांस खाटीक म्हणत, आणि जिन्यात भेट जाहली की दोन्ही पक्ष हसोन नमस्कार करीत.

ऐसे चालले असता दूरच्या एका वेधशाळेचा खलिता अधिष्ठात्यांचे कचेरीत दाखल जाहला. मजकूर ऐसा की, आमचे थोर दुर्बिणीवर संशोधन करण्यास एक जागा आहे, तरी हरएक विभागाने आपला एकेक मोहरा सुचवावा, मुलाखत घेऊन निवड आम्ही करू; परंतु पंचाहत्तर गुणांखालील नाव यादीत घालू नये, आणि वय बाविसाचे आत असावे. मुदत आठ दिवस. वनस्पतीवाल्यांनी त्याच दुपारी अठ्ठ्याऐंशी गुणांचा आपला वीर पुढे केला. दुर्बिणीपाशी याचे काय काम म्हणोन कोणी विचारिले, तेव्हा ग्रहांवर झाडे निघाली तर ओळखायला कोण, ऐसा जबाब आला.

भौतिकाचे मुलखात त्या साली एक कन्या होती, तीस सारे धाकटी म्हणत. बाप बसचालक, आई दवाखान्यात परिचारिका, घरी भावंडे तीन आणि टेबल एक, सबब अभ्यासही पाळीने करावा लागे. तिचे गुण त्रेसष्ट. सव्वीस वर्षांतला हा उच्चांक; तिचे पाठोपाठ दुसरा आला तो एकावन्नाचा. वयास बावीस पुरे होण्यास तीन महिने उरले होते, म्हणजे पुढील साली हा दरवाजा बंद. तिने फळ्यावरचा खलिता वाचिला, पंचाहत्तरचा आकडा पाहिला, आणि विजेच्या मीटरांच्या कारखान्यातील नोकरीचा अर्ज भरून सरांपुढे ठेविला.

"सर, ओळखीचे म्हणून इथं तुमची सही हवी होती."

सरांनी अर्ज वाचिला. खुर्चीत बसले होते ते उठोन उभे राहिले. ज्या पोरीने तिसऱ्या वर्षीच त्यांचे पुस्तकातील चूक काढोन दाखविली, ती आता मीटरांची चाके मोजणार, हे मनी येताच त्यांचे काळजात चर्र जाहले. आणि मग ज्यांस सव्वीस वर्षांत कोणी धावताना पाहिले नव्हते ते अर्धेसर, सही न करिता, दोन दोन पायऱ्या चढोन अधिष्ठात्यांचे दारी थडकले.

दुसरे दिवशी मसलत भरली. अधिष्ठाते मूळचे रसायनवाले. दोन पदार्थ एकत्र ओतावे आणि रंग पालटतो का पाहावे, ही त्यांची जुनी खोड. निकालावर शिक्का पडला होता, सबब गुण वाढविणे अशक्य, हे सर्वांस ठाऊक. सरांनी अर्ज गुदरला की, भौतिक हे शास्त्र कठीण आणि वनस्पती हे सोपे, सबब आमचे त्रेसष्ट म्हणजे वरच्या मजल्याचे त्र्याण्णव समजावे आणि पोरीचे नाव यादीत घालावे. हे ऐकोन हिरवळबाईंनी चहाचा कप खाली ठेविला.

"सोपं आहे ना? मग या की एकदा वर. बसा परीक्षेला."

"येतो. तुम्हीही या खाली."

अधिष्ठात्यांचे डोळे चकाकले. तत्काळ फर्मान सुटले की, दोघा विभागप्रमुखांनी एकमेकांचे अखेरच्या वर्षाची परीक्षा द्यावी, कोणी कोणास मदत करू नये, आणि ज्याचे शास्त्र कठीण ठरेल त्याचे गुण भारी धरावे.

मग तिसरे दिवशी सकाळी दहाच्या घंटेस दोन्ही मजल्यांवर एकच वेळी रण पेटले. सर वरच्या प्रयोगशाळेत दाखल जाहले. कामगिरी ऐसी की, देठाचा पातळ छेद घ्यावा, रंगवावा, काचेवर ठेवोन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा आणि दिसेल त्याची आकृती काढावी. सरांनी पाते उचलिले. पहिला छेद निघाला तो बुटाचे तळव्याइतका जाड. दुसऱ्यात देठ वाचला आणि बोट कापले. तिसरा काचेवर जाईतो कपाळावरून घाम निथळू लागला. परंतु डोळा लाविताच त्यांस एक थोर, वाटोळी, काळ्याभोर काठाची, लखलखीत पेशी दिसली. सरांस परमसंतोष जाहला. त्यांनी कंपास काढोन तिचे वर्तुळ रेखिले, आणि व्यास मोजिला, आणि मापनातील त्रुटी अधिक-उणे चिन्हासह दोन दशांश स्थळांपर्यंत लिहिली, आणि सर्वत्र एकके घातली, आणि बाण काढिले. हे करिता दीड तास गेला. बाकी देठ तैसाच राहिला.

त्याच वेळी खाली हिरवळबाई आठ प्रश्नांशी झुंजत होत्या. पाच त्यांनी सोडविले. उरलेल्या तिहींखाली माफ करा, हे आठवत नाही, ऐसे वळणदार अक्षरात लिहोन त्या वेळेआधी बाहेर आल्या.

चौथे दिवशी निकाल. सरांचे पेपरास बाईंनी बहात्तर दिले. बाईंचे पेपरास सरांनी एकतीस दिले. तळमजल्यावर एकच जल्लोष जाहला, पोरांनी बाके बडविली, आणि सरांनी छाती पुढे काढोन दावा केला की, पाहा, आमचे शास्त्रात बाईंची दाणादाण उडाली आणि त्यांचे शास्त्रात आम्ही सहज तरलो, याहून पुरावा तो कोणता. धाकटी दारात उभी होती, तिचेही तोंडावर चार दिवसांनी हसू आले.

परंतु बाईंनी आपला पेपर उलगडोन शांतपणे पुसिले.

"सर, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे."

"मग दहापैकी चार का?"

"रीत एक ओळ लांबली," सर म्हणाले, आणि सभेत कोणी तरी खोकले.

अधिष्ठात्यांस रंग पालटतोसा वाटला. त्यांनी दोन्ही पेपर नावे झाकोन शेजारील विद्यापीठाकडे रवाना केले, ज्याचे त्याचे शास्त्राचे जाणकारांनी तपासावे म्हणोन. सातवे दिवशी दुपारी उत्तर आले. भौतिकाचे पेपरास, म्हणजे बाईंस, अठ्ठावन्न. वनस्पतीचे पेपरास, म्हणजे सरांस, नऊ. सोबत चिठ्ठी होती, ती अधिष्ठात्यांनी भर सभेत वाचिली.

"या विद्यार्थ्याने हवेचा बुडबुडा काढला आहे. काचेखाली अडकलेला. पहिल्या वर्षाची मुलंही ही चूक दुसऱ्यांदा करत नाहीत."

सभेत जो हशा पिकला तो खालच्या फाटकापर्यंत गेला. सरांनी बाईंकडे पाहिले की, हे आपणास कळले नव्हते काय. बाईंनी खुलासा केला की, कळले होते, परंतु बुडबुडा म्हणोन तो इतका सुरेख निघाला होता की कमी देववेना.

परंतु हशा सरला आणि अंगाशी आले ते निराळेच. अधिष्ठात्यांनी निवाडा दिला की, वनस्पतीवाला भौतिकात अठ्ठावन्न मिळवितो आणि भौतिकवाला वनस्पतीत नऊ, तर भौतिक कठीण हा दावा फेटाळला. त्रेसष्ट ते त्रेसष्टच. यादी उद्या दुपारी बारास बंद. दारातली धाकटी केव्हा गेली ते कोणी पाहिले नाही. सरांचे टेबलावर मीटरवाल्यांचा अर्ज मात्र सहीची वाट पाहत तैसाच पडला होता.

त्या सायंकाळी सर घरी जेवावयास बसले, आणि घास घेतला, आणि काहीच बोलिले नाहीत.

"आज मार्क नाहीत?" पत्नीने विचारिले.

सरांनी सारी हकीकत सांगितली, बुडबुड्यासकट. ती बुडबुड्यास हसली नाही, यावरून गोष्ट गंभीर आहे हे सरांनी ताडिले.

"अहो, पेपर तोच. तुमचे एकतीस, त्यांचे अठ्ठावन्न. यात भौतिकशास्त्र कुठं आलं?"

सरांनी ताट सरकविले.

"म्हणजे हे मी उद्या सगळ्यांसमोर बोलू? सव्वीस वर्षांनी?"

"नका बोलू. पोरगी जाईल कारखान्यात. तुमचा दर्जा राहील जागच्या जागी."

इतके बोलोन ती पाणी आणावयास उठली.

आठवे दिवशी सकाळी अकरास अर्धेसर सव्वीस वर्षांच्या गुणपत्रकांचे गठ्ठे दोन्ही काखांत मारोन सभेत आले. युद्धाचे पोशाखात नव्हते. नुसता इस्त्रीचा सदरा. कागद उभे राहोन वाचिला, शब्द एकही गाळला नाही. त्यांनी दस्तुरखुद्द लिहोन दिले ते येणेप्रमाणे: आमचे शास्त्र कठीण की सोपे, हे आम्हांस ठाऊक नाही; आमचे पेन मात्र कठीण, हे काल सिद्ध जाहले; आम्ही जे एकतीस देतो ते दुसऱ्याचे हाती अठ्ठावन्न होतात; सबब आमचे हातून त्रेसष्ट मिळविणारी पोर काय योग्यतेची असेल याचा हिशेब सभेने करावा, आणि आमचे चुकीचा भार तिचे नावावर टाकू नये.

मग हिरवळबाई उभ्या राहिल्या.

"मग माझंही लिहून घ्या. मी बुडबुड्याला बहात्तर दिलेत. माझे अठ्ठ्याऐंशी कुणी अठ्ठ्याऐंशी समजू नयेत."

येणेप्रमाणे दोन्ही फौजांनी एकाच दिवशी हत्यारे खाली ठेविली, आणि आता लढावे कोणाशी हे कोणास कळेना. अधिष्ठात्यांनी वेधशाळेस दूरध्वनी लाविला आणि सारे प्रांजळपणे कथन केले. पलीकडील माणूस आधी पुष्कळ हसला, मग म्हणाला की आकडा अडसर नसावा, प्रत्येक नावापुढे त्या विभागातील आजवरचा उच्चांक लिहोन पाठवा, पोर आम्ही पारखून घेऊ. बारास पाच मिनिटे उरली असता धाकटीचे नाव यादीत चढले. गुण त्रेसष्ट, सव्वीस वर्षांतला उच्चांक, त्रेसष्ट. शिक्कामोर्तब हिरवळबाईंचे देखत जाहले. यादी घेऊन शिपाई धावला, तेव्हा सरांचा जीव भांड्यात पडला.

पुढे मुलाखत जाहली. वनस्पतीचा वीर ग्रहांवरील झाडांविषयी वीस मिनिटे उत्तम बोलिला. धाकटीस आत दीड तास ठेवोन घेतले. बाहेर बाकावर बाप बसचालकाची टोपी गुडघ्यावर ठेवोन बसला होता आणि शेजारी अर्धेसर. ती बाहेर आली तेव्हा तिचे मागोमाग आतले तिघे परीक्षकही बोलत बोलतच बाहेर आले. जागा तिची जाहली.

येणेप्रमाणे भौतिकाचे दौलतीची फत्ते जाहली. रणी पडले कोणी नाही. जायबंदी, सरांचे डावे बोट. वनस्पतीशी तह कायम, उभय विभागांनी यापुढे एकमेकांचे पेपर तपासावे ऐसे ठरले, आणि त्याची नक्कल दफ्तरी लागली.

निघण्याचे आदले दिवशी धाकटी निरोप घ्यावयास आली ते समयी आपली उत्तरपत्रिका घेऊन आली, आणि तिने पाचवा प्रश्न सरांपुढे धरिला.

"सर, इथं वीसपैकी बारा आहेत. निकाल लागल्यापासून शोधतेय, चूकच सापडत नाही. माझं काय चुकलं होतं?"

सरांनी चष्मा पुसोन ते उत्तर पहिल्या ओळीपासोन शेवटच्या ओळीपर्यंत दोनदा वाचिले.

"काही नाही गं," सर म्हणाले. "काहीच चुकलं नव्हतं."

हा शेवटचा मजकूर फत्तेच्या कागदात शोभत नाही, गाळावा, ऐसे लिहिणाराने सुचविले होते. सरांनी गाळू दिला नाही.