अण्णांची मुकी फिल्लम

त्या शनिवारी तिथं आम्ही चौघं होतो: शेजारचे अण्णा कदम, त्यांची सून शिल्पा, मी शकुंतला, आणि गॅरेजसमोर जुनं सामान विकायला मांडून बसलेली एक गोरी म्हातारी. दोन हजार चारचा उन्हाळा, गाव अमेरिकेतलं अर्विंग.

ऐंशीच्या घरातले अण्णा तिच्या खुर्चीवर घोड्यावर बसल्यासारखे टांग टाकून बसले, हवेत लगाम ओढला, दोन बोटांनी गोळी झाडली आणि ओठांवर बोट ठेवलं. "पिक्चर. ओल्ड. नो टॉक. हॅव?"

म्हातारीनं बिस्किटांचा रिकामा गोल डबा पुढं केला आणि अण्णांनी तोही विकत घेतला.

"अण्णा, हा लास्ट हं. किचनमध्ये जागा नाही," शिल्पा म्हणाली. "मावशी, तुम्ही तरी सांगा ना."

मी काय सांगणार? त्यांच्या आधीच्या डब्यात माझी शेव असते.

"ती फिल्लम आहेच कुठंतरी," अण्णा म्हणाले. हे त्यांचं नेहमीचं.

मी तिसरी शिकलेली. नवरा गेला, खडी फोडून पोरं वाढवली, आता इथं मुलाकडं असते. त्यामुळं टेक्ससचं ऊन मला जाणवत नाही, आणि अण्णांबरोबर फिरायला मीच. फुटपाथ नाही, गवतातनं चालायचं. गाडीवाले थांबून विचारतात, काही मदत हवी का.

अण्णांचे वडील गावोगाव तंबूत सिनेमा दाखवायचे. त्यात अमेरिकेची एक घोड्यांची मुकी फिल्लम होती. पडद्याशेजारी उभं राहून वडील त्यातल्या सगळ्यांचे संवाद मराठीत बोलायचे. गोरा स्वार पिस्तूल रोखून म्हणायचा, "पाटील, म्हशी सोडा." फिल्लमचं नावही दर गावाला नवं. इथं 'घोड्यावरचा वाघ', तर पुढं 'विलायती दरोडा'. खरं नाव अण्णांना कधी कळलंच नाही.

शिल्पानं एकदा जुन्या सिनेमांच्या जाणकाराला फोन लावून दिला. अण्णांनी त्याला म्हशींसकट गोष्ट सांगितली. तो म्हणाला, तेव्हाच्या कितीतरी फिल्मा जळाल्या, कुजल्या. आणि म्हशींची तर एकही ऐकलेली नाही.

त्या शनिवारी म्हातारीकडून परत येताना शिल्पा म्हणाली, "अण्णा, ती फिल्म गेली. सोडा ना आता."

अण्णा गवतात थांबले. "शेवटी स्वार घरी येतो. दारात बाई असते. तिचे ओठ हलतात. तिथं वडील आवाज बारीक करून म्हणायचे, 'आलास बाळा? हात धू, ताट वाढते.' तेवढं वाक्य त्यांनी कुठल्याच गावात बदललं नाही."

"मग?"

"मी चार वर्षांचा असताना आई गेली. ती असंच म्हणायची म्हणे. फोटो नाही तिचा. आई म्हटलं की मला तीच गोरी बाई दिसते. आता तीही पुसट व्हायला लागलीय."

पुढच्या वळणावर सेलची पाटी होती. तिकडं शिल्पाच आधी वळली.

फिल्लम अजून मिळालेली नाही. म्हणून वाचणाऱ्यांना सांगते. कुणाच्या माळ्यावर, गॅरेजमध्ये जुन्या फिल्लमचा डबा निघाला, तर टाकण्याआधी कुणा जाणकाराकडून शेवट बघून घ्या. घोड्यावरून उतरलेला माणूस आणि दारात बोलणारी बाई दिसली, तर डबा तेवढा राखून ठेवा.