माहेरी निघालेली बॅटरी

शुक्रवारी दुपारी घाटपांड्यांच्या घरातल्या बॅटरीने माहेरी जायला पिशवी भरली.

तिचं माहेर चाकणला, कारखान्यात. इथे तीन वर्षं ती जिन्याखाली, आईने भरतकाम केलेल्या झाकणाखाली, शंभर टक्के भरून बसली होती. छतावरचं सोलर तिला रोज भरायचं, आणि संध्याकाळी घरात वीज मात्र बाहेरची, महागडी. लाइट गेले की अण्णा मेणबत्ती लावायचे. बॅटरी अडीअडचणीसाठी होती.

अण्णांची लेक जुईली धावत जिन्याखाली आली. सहाला तिची चाकणच्याच नोकरीसाठी ऑनलाइन मुलाखत होती, आणि शुक्रवारी संध्याकाळी वीज जायचीच.

"अगं, काय कमी केलं तुला?" अण्णांनी बॅटरीला विचारलं. "झिजू नये म्हणून कुणी हातसुद्धा लावला नाही."

"त्यानंच झिजले, अण्णा. सदानकदा पोट तट्ट. ऐंशीपर्यंत भरा, वीसपर्यंत वापरा, एवढंच तर मागत होते."

"मीही हेच सांगतेय तीन वर्षं!" जुईली कडाडली. "माझी डिग्रीपण अशीच झाकून ठेवलीय तुम्ही."

"तू मध्ये बोलू नकोस."

जुईलीने बॅटरीची पिशवी घट्ट धरली. "संध्याकाळपुरती थांब गं."

"थांबते. पण पंखा, फ्रिज, मुलाखत, सगळं माझ्यावर. मध्येच कुणी बंद केलं तर मी चालले."

वीज गेली. मुलाखत सुरू झाली. अण्णा बॅटरीच्या बटणाजवळ येरझारा घालू लागले.

"नव्वदवर आली! पंच्याऐंशी!"

"अहो, हात खाली घ्या," आई दबक्या आवाजात म्हणाली.

पडद्यावरच्या बाईंनी विचारलं, "घरचे पाठवतील ना?"

जुईलीने अण्णांकडे पाहिलं. अण्णांचं बोट बटणावर होतं.

"सांगा लवकर," बॅटरी म्हणाली. "सत्तर."

अण्णांनी बोट काढलं. "पाठवतील म्हणावं," ते पुटपुटले.

शनिवारी नोकरीचा फोन आला. सोमवारी आईने बॅटरीची ओटी भरली आणि जुईलीच्या हातावर दही घातलं. अण्णा दोघींना स्टँडवर सोडायला आले.

"परत येशील ना?" त्यांनी बॅटरीला विचारलं.

"येईन आठ दिवसांनी," बॅटरी म्हणाली. "पण ते झाकण काढून ठेवा."

"येईन सुट्टीला," जुईली म्हणाली, जरी तिला कुणी विचारलं नव्हतं.

एसटी सुटली. कंडक्टरने दोघींकडे पाहिलं आणि बायकांची दोन अर्धी तिकिटं दिली.