मागची दाखय

साखळीच्या बाजारात बांगडे घेताना माणूस काय विचारतो? ताजे का, आणि कसे दिले. डॉक्टर शेट्ये विचारतात, "कालचो खंय आसा? मागचो दाखय." मासळीवाली कंटाळून टोपलीच्या तळातून कालचा उरलेला एखादा बांगडा काढून देते. मग डॉक्टर दोघांना फळीवर शेजारी शेजारी निजवून, गळ्यात दोरीने अडकवलेलं भिंग लावून दोघांचे डोळे तपासतात. मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली असतात. एकदा एकीने विचारलं, डॉक्टर, बांगड्याक कॅन्सर जालो काय? मान वर न करता हे म्हणाले, एका फिल्मेवरून सांगता येत नाही.

डॉक्टर मूळ कोरगावचे, त्यामुळे पेडण्याकडची बोली जिभेवर तशीच राहिलेली. सगळी नोकरी बायकांच्या छातीच्या एक्स-रे फिल्मा, कॅन्सरच्या तपासणीच्या, वाचण्यात गेली. त्या कामाचा एक नियम आहे, तो त्यांनी मला अनेकदा सांगितलाय. फिल्मेवर डाग दिसला म्हणून घाबरायचं नाही आणि सोडायचंही नाही. त्याच बाईची आधीची फिल्म मागवायची. डाग दोन वर्षं जागच्या जागी, तेवढाच असेल तर बहुतेक निरुपद्रवी. नवा असेल किंवा वाढला असेल तर पकडा. नियम चांगलाच आहे. पण डॉक्टर तो घेऊन इस्पितळाबाहेर पडले आणि सगळ्या डिचोली तालुक्याला लागू केला. विजेचं बिल आलं की मागचं दाखय. सोयरिकीसाठी मुलाचा फोटो आला की मागचा दाखय. यामुळे शेजारचं एक लग्न मोडलं, ते बरंच झालं.

आमची ओळखही अशीच झाली. आरोग्य केंद्राच्या नव्या इमारतीची कोनशिला बसवायला पुढारी आले होते आणि मी फलक धरून निषेधाला उभी होते. घोषणा द्यायच्या आतच हे गृहस्थ गर्दीतून पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, मागची कोनशिला दाखवा." मागची होती. गवतात, पंचवीस पावलांवर, आधीच्या पुढाऱ्याचं नाव मिरवत पडलेली. आमच्या संघटनेला वर्षभरात जमलं नव्हतं ते या माणसाने चार शब्दांत केलं. मी धावत जाऊन त्यांच्या हातात आमचं पत्रक दिलं. 'खाणीची धूळ आम्हाला, तपासणीचं यंत्र पणजीला!' त्यांनी ते वाचलं आणि गेल्या वर्षीचं मागितलं. मी अभिमानाने तेही दिलं. दोन्ही भिंगाखाली धरून म्हणाले, "वर्षभरात काडीचो फरक नाय. निरुपद्रवी."

मी तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. चौथ्या दिवशी गेले, कारण आमच्या पत्रकात वैद्यकीय चुका होत्या आणि त्या सांगणारा तालुक्यात दुसरा कोणी नव्हता. दुखणारी गाठ लगेच दाखवा, असं आम्ही छापलं होतं. लाल शाईने 'दुखणारी' खोडून त्यांनी वर लिहिलं, 'न दुखणारी. दुखली असती तर बाई आपणच आली असती.'

डॉक्टरांचा दुसरा छंद म्हणजे सीएमई. डॉक्टर झालेल्यांनी शिकत राहावं म्हणून भरवलेले वर्ग. चांगली गोष्ट आहे, कागदावर. प्रत्यक्षात नोंदणी नवी करायला गुण लागतात, म्हणून मंडळी हॉटेलच्या थंडगार दालनात येतात, सही करतात आणि जेवणाच्या टेबलांवर डोळा ठेवून बसतात. निवृत्त शेट्यांना गुणांची गरज नाही. तरी पहिल्या रांगेत वही उघडून हेच. बाहेरून आलेल्या पाहुण्या वक्त्याने पडद्यावर झकास गाठ दाखवली की यांचा हात वर, आधीची फिल्म दाखवा. पाहुण्याकडे ती नसते. जेवण लांबतं. शेवटी आयोजकांनी त्यांना निमंत्रण पाठवणंच बंद केलं. डॉक्टरांना त्याने काही फरक पडला नाही. साखळीचा एक आचारी या वर्गांची जेवणं करायचा, ते त्याच्याकडून तारीख काढून आणायचे.

आता पाळी गावातली गोष्ट सांगते. ती सांगायची म्हणूनच हे लिहायला बसले.

पाळीला शेवंती म्हणून बाई आहे. पन्नाशीची. खाणी बंद झाल्यावर नवऱ्याने ट्रक विकला, तेव्हापासून हिने शाळेत मुलांचं जेवण रांधून घर उचललंय. आमच्या मागण्यांनंतर पाळीला तपासणीची गाडी आली. शेवंतीला मीच ओढून नेलं. शिबिरातल्या तरुण डॉक्टरीणबाईंना तिच्या फिल्मेवर डाग दिसला. सुई घालून तुकडा काढू, तपासू, असं त्यांनी लिहून दिलं.

शेवंतीने साफ नाकारलं. म्हाका सुई नाका. सुई टोचली की गाठ अंगभर पसरते, हे पाळीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे आणि साफ चूक आहे. वर तिचा आणखी एक मुद्दा होता. दोन वर्षांपूर्वी देवळाजवळच्या शिबिरात तिची फिल्म काढली होती आणि 'सर्व ठीक' असा कागद आला होता. म्हणजे डाग असलाच तर तो जुना. आपल्याबरोबर जन्मलेला, मरेपर्यंत राहील.

शिबिरातली नवी फिल्म घेऊन मी डॉक्टरांकडे गेले. ते काय म्हणाले ते सांगायला नको. त्याच दुपारी बसने आम्ही पाळीला.

शेवंतीने पेटी उघडली. रेशनकार्डाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत इस्पितळाचा कागद नीट घडी करून ठेवलेला होता. फिल्म नव्हती. कागदावर सही असते म्हणून तो जपायचा, फिल्म म्हणजे नुसतं काळं प्लास्टिक. आणि अशा प्लास्टिकचं पाळीत काय होतं, हे बाहेरच्यांना माहीत नसेल. रांगोळीचे छाप होतात. पेटत्या उदबत्तीने भोकं पाडायची, वर रांगोळी ओतून हात फिरवायचा, फिल्म उचलली की खाली नक्षी तयार. गुडघ्याच्या फिल्मेवर कासव चांगलं उठतं. छातीच्या छोट्या फिल्मेवर लक्ष्मीची पावलं. कोणाच्या घरात दुखणं किती, ते दिवाळीला अंगणातल्या नक्ष्या मोजून कळावं.

शेवंतीची फिल्म तुळशीच्या मागे सापडली. तिच्यावर आठ पाकळ्यांचं कमळ होतं.

डॉक्टर रागावतील असं मला वाटलं. त्यांनी ओला कापूस मागितला. सोप्यावर बसून एकेक भोक पुसलं, मग फिल्म आभाळाकडे धरून भिंग लावलं. त्यांच्या कपाळावर, नाकावर कमळाचे उजेडाचे ठिपके पडले. मला हसू आलं. शेवंतीलाही आलं. डॉक्टर हलेनात. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग त्यांनी तो 'सर्व ठीक'चा कागद मागितला, खालची सही पाहिली आणि पुन्हा फिल्मेकडे वळले.

शेवंतीने विचारलं, "आसा न्हय जुनो?"

आता नीट ऐका. 'नाही, तेव्हा डाग नव्हता,' एवढं ते म्हणाले असते, तर डाग नवा ठरला असता. घाबरून ती सुईला तयार झाली असती. कोणाला कधी काही कळलं नसतं. भोकं पडलेली फिल्म वाचणार कोण?

डॉक्टर म्हणाले, "आसा. तेवांय होतो. दोन पाकळ्यांच्या मधी, मिऱ्याएवढो. आता वाढलो. माका तेवां दिसूक नाय." आणि कागद तिच्यापुढे धरला. "ही सही माझी."

निवृत्तीनंतर शिबिरांच्या फिल्मा वाचायला त्यांच्याकडे येत, हे मला माहीत नव्हतं. शेवंतीलाही नव्हतं. तिने सही पाहिली, माणूस पाहिला. तिला वाचता येतं थोडंफार. ती शांतपणे म्हणाली, मग तुमचं आता मी कशाला ऐकू?

"माझा आयकू नको," डॉक्टर म्हणाले. "सुयेचा आयक."

तिने कागद घडी करून परत पिशवीत घातला. मग म्हणाली, जाईन. पण सही करणाऱ्याने बरोबर यायचं.

सुईने सांगायचं ते सांगितलं. कॅन्सर होता, काखेत उतरलेला. दोन वर्षांपूर्वी पकडला असता तर उतरला नसता. डॉक्टरांना विचारलं तर ते एवढंच म्हणाले, बहुतेक नसता. शस्त्रक्रिया झाली. मग सलाईनमधून औषधं सुरू झाली.

मी रात्रंदिवस धुमसत होते. असा माणूस, आयुष्यभर दुसऱ्यांकडे मागची मागितली, आणि स्वतःची मागची अशी? मी पत्रक लिहिलं. 'डॉक्टरांच्या निष्काळजीपणाचा बळी: पाळीच्या भगिनीला न्याय द्या!' आमच्यात रीत आहे, ज्याच्यावर लिहायचं त्याला आधी दाखवायचं. साखळीला गेले. ते पेज आणि सुक्या बांगड्याची किसमूर घेऊन एकटेच जेवायला बसले होते. डाव्या हाताने त्यांनी लाल पेन उघडलं. मला वाटलं, आता गयावया करतील. त्यांनी 'निष्काळजीपणा' खोडला. वाकड्या अक्षरात वर लिहिलं, 'नीट पाहिले. दिसले नाही.' आणि मला म्हणाले, निष्काळजी असतो तर सोपं होतं गो. काळजी घेतली की झालं. पण काळजी घेऊनसुद्धा दिसलं नाही, हे लोकांना सांग. डॉक्टरांना तर आधी सांग. खाली त्यांनी आपलं पूर्ण नाव घातलं. ते मी भीतीने गाळलं होतं.

पत्रक मी छापलं नाही. लाज वाटली म्हणून नव्हे. त्यांनी दुरुस्त केलेलं वाक्य कुठल्याच घोषणेत बसेना.

बाकीच्या डॉक्टरांना सांगायचं काम त्यांनी स्वतःच केलं. आचाऱ्याकडून तारीख कळली. छातीच्या तपासणीवरच वर्ग होता. शेवंतीची परवानगी घेऊन, ती फिल्म पिशवीत घालून ते निघाले, मीही मागोमाग गेले. पाहुण्याचं भाषण संपलं, खुर्च्या सरकल्या, आयोजकाने आभार मानायला सुरुवात केली तेवढ्यात हे उठले. पाच मिनिटं द्या म्हणाले. फिल्म बघायची उजेडाची पेटी हॉटेलात कुठून असणार? त्यांनी खिडकीचा जाड पडदा ओढला आणि फिल्म काचेवर धरली. ऊन भोकांतून आत आलं आणि जेवणाच्या पांढऱ्या टेबलावर कमळ उमटलं.

दालनात हशा पिकला. कोणीतरी म्हणालं, शेट्ये सर आता रांगोळी काढणार. डॉक्टरांनी सगळ्यांना रांगेने पुढे यायला सांगितलं. गाठ शोधा. आले बिचारे, कोणी हातात ताटली घेऊनच. एकाने डावीकडे बोट दाखवलं, एकाने भोकालाच गाठ म्हटलं. बाकीचे नुसते बघून गेले. कोणालाही सापडली नाही. मग डॉक्टरांनी ती दाखवली, बाईचं नाव न घेता पुढचं सगळं सांगितलं, आणि शेवटी इंग्रजीत म्हणाले की हा अहवाल माझा. आयोजक माइकपाशी आले आणि जेवण तयार असल्याचं सांगून गेले. मागच्या रांगेतल्या एका तरुण डॉक्टरीणबाईने ताटली खाली ठेवली, पुढे आली आणि म्हणाली, मला पुन्हा दाखवा. तिच्यामागे आणखी दोघे. बाकीचे जेवायला गेले. खोटं कशाला लिहू?

शेवंतीला औषध द्यायचा वार मंगळवार. सकाळी पाळीहून ती येते, साखळीला डॉक्टर बसमध्ये चढतात, दोघं पणजीला जातात. नवऱ्याला रोजंदारी सोडता येत नाही. गेल्या मंगळवारी मीही गेले. औषधं लागू पडताहेत की नाही, ते अजून कोणी सांगत नाही. इस्पितळाच्या त्या लांब दालनात सगळ्या बायका, डोक्याला रुमाल बांधलेल्या, आणि मधल्या एका खुर्चीवर हे एकटे पुरुष, शेवंतीची पिशवी मांडीवर घेऊन. बायकांना त्यांची सवय झालीय. कोणी त्यांना चिकू देते, कोणी आपली सलाईन संपत आली का बघायला सांगते.

डॉक्टर चहा आणायला गेले तेव्हा मी शेवंतीला विचारलं. माझा प्रश्न पत्रकवाल्यांचाच होता, सरळ. म्हटलं, तू त्यांना माफ केलंस काय?

ती म्हणाली, मागे एकदा करायला गेले होते. म्हटलं, डॉक्टर, माझ्या मनात आता काही नाही, तुम्ही कशाला उन्हातान्हाचे धावता. तर ते पिशवीचे बंद नीट करत बसले. बस म्हापशाजवळ आली. मग हळूच विचारलं, "मगे मंगळवारी मी येव नको?"

शेवंतीने सलाईनचा हात जरा सरळ केला. "तेवां म्हटलें, आसा, आसा. मनांत उरलां अजून थोडें."

डॉक्टर तीन पेले सांभाळत दारातून येताना दिसले. तिने शेजारच्या खुर्चीवरचा टॉवेल उचलला आणि सगळ्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, इतका वेळ कुठे होता?