आप्पांचा कोरा रकाना

खासबागेतल्या आप्पांच्या हातात टाक क्वचितच दिसायचा. कात्री मात्र जेवतानाही ताटाशेजारी. आप्पा एका साप्ताहिकाचे मालक, संपादक, बातमीदार, सगळं काही. मी त्यांच्या छापखान्यात खिळे जुळवायचो. पुण्या-मुंबईचे पेपर गाडीनं आले की आप्पा मांडी घालून बसायचे, हवं ते कापायचे, त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वैनींनी, शिजवून दिलेल्या खळीनं कागदावर चिकटवायचे आणि माझ्यापुढं टाकायचे.

"घे रं, अग्रलेख लिवला."

चोरी हा शब्द काढलेला त्यांना खपायचा नाही. "चोरी कसली? विरजण शेजारनं आणलं तरी दही आपल्याच घरात लागतंय न्हवं?"

आता ह्या दह्यात आप्पांची भर एवढीच, की गावांची नावं बदलायची. चौपाटीवरच्या एका सभेची बातमी त्यांनी अख्खीच्या अख्खी उचलली आणि चौपाटीच्या जागी खासबाग घातलं. म्हणजे अंकात काय आलं, तर काल खासबागेच्या वाळूवर विराट सभा झाली आणि टाळ्यांपुढं लाटांचा आवाजही ऐकू येईना. उचगावचे एक शेतकरी मुद्दाम विचारायला आले. "आप्पा, खासबागेत समुद्र कवा आला?"

आप्पा शांतपणे म्हणाले, "भरती हुती. ओसरला."

पण एकदा पुण्याच्या एका संपादकानं नाव घेऊन त्यांना वाङ्मयचोर म्हणून छापलं. आप्पांनी ते वाचलं, घडी घालून ठेवलं आणि बरेच दिवस चौकात फिरकले नाहीत. मग पुन्हा कात्री सुरू. मला संताप आला. म्हटलं, आप्पा, अब्रूचं खोबरं झालं तरी सोडवत नाही का? स्वतः चार ओळी लिहायला काय होतं?

"जांबोटीला आपला एक अंक जातोय," ते म्हणाले. "भर पावसात आख्खं गाव एका जागी बसून ऐकतंय. त्यांच्याफुडं माझं रटाळ लिवणं वाचायचं? पुण्याचा पेपर तिकडं कोण नेणार हाय? अब्रू गेली तर माझी एकट्याची जाईल." मग हळूच म्हणाले, "आणि मला येत न्हाय रं. टाक धरला की भ्या वाटतंय."

मी पुन्हा खिळे जुळवायला घेतले. मनात मात्र म्हटलं, काय हा माणूस.

चलेजावच्या वर्षी वैनी तापानं गेल्या. दिवस झाल्यावर आप्पा छापखान्यात आले आणि म्हणाले, "पहिल्या पानावर एक रकाना ठेव. हिच्यावर मी लिवणार. माझं मी."

कात्री त्यांनी आपण होऊन माझ्याकडं दिली. लिहायचे, खोडायचे, कागद चुरगाळायचे. अंक जायच्या दिवशी दुपार झाली तरी एक ओळ नाही. शेवटी हात पुढं करून त्यांनी कात्री मागितली आणि जुन्या पेपरांचा गठ्ठा सोडला. मृत्युलेख ढिगानं होते. कुणी दिवाणबहादूर, कुणी देशभक्त, कुणी विदुषी. आप्पा चाळत राहिले.

"ह्यात भाकरी करणारं कुणी मेलेलंच न्हाय रं," ते म्हणाले. "ऱ्हाऊ दे. कोरंच सोड."

रकाना कोरा गेला.

ते दिवस धरपकडीचे. सरकारनं मजकूर अडवला की पेपरवाले कधीकधी जागा मोकळी सोडत. लोकांनी आपल्या परीनं अर्थ लावला. उचगावची मंडळी झेंडूचा हार घेऊन आली आणि नको नको म्हणत असताना त्यांनी तो आप्पांच्या गळ्यात घातला. त्यातले एक म्हातारे पुढं सरकून म्हणाले, "आप्पा, लई धाडस केलासा. काय लिवलं हुतं ते आता तोंडानं तरी सांगा. आम्ही कुठं बोलत न्हाय."

आप्पांनी हार काढून मांडीवर ठेवला. "सरकारनं काय बी काढलं न्हाय. माझी बायको वारली. तिच्यावर लिवायला बसलो, जमलं न्हाय."

सगळे खाली बघू लागले. हार आणलेल्या माणसाला तर कुठं तोंड लपवू असं झालं. म्हातारे मात्र हलले नाहीत. म्हणाले, "मग तिचंच सांगा."

"काय सांगू? तिचं माहेर चिकोडीकडं, घरात सगळं कानडी. मी कागलचा, माझं कानडी बाजारापुरतं. माझ्यासाठी ती जन्मभर मराठीत बोलली. तापात मराठी इसरली. माझा हात धरून लई वेळ बोलत हुती, भराभरा, कानडीत. कानडी कळणाऱ्या शेजारणीला बोलवावं म्हटलं, तर हात सोडंना. मी आपलं व्हय व्हय म्हणत बसलो." आप्पांनी मांडीवरचा हार बाजूला ठेवला. "ती काय म्हणत हुती, मला कळलंच न्हाय. आता तेवढं सोडून बाकीचं काय लिवू?"