मास्तरांनी निवडलेले ब्रेक

"हे मधले घ्या," गॅरेजच्या उस्तादांनी काउंटरवरच्या ब्रेक पॅडच्या तीन खोक्यांपैकी मधल्या खोक्यावर बोट ठेवलं. "रोजच्या रस्त्यावर धरतात, ट्रॅकवरही बऱ्यापैकी टिकतात. तुमची गाडी दोन्हीकडे पळते, मास्तर. तुम्हाला हेच बरे."

"म्हणजे ना धड इकडचे, ना धड तिकडचे," मास्तर म्हणाले.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. शहरातल्या निम्म्या लोकांना क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हे त्यांनीच दाखवलेलं. आठवडाभर शाळेच्या गाडीत बसून दुसऱ्यांना "सावकाश, सावकाश" म्हणायचं आणि महिन्यातून एका रविवारी घरची गाडी घेऊन रेसच्या ट्रॅकवर सगळी सावकाशी फेडून घ्यायची, असा त्यांचा शिरस्ता होता. गेल्या खेपेला मात्र शेवटच्या वळणावर ब्रेक तापून गळाठले, पेडल लोण्यात रुतल्यासारखं खाली गेलं आणि मास्तर गाडीसकट गवतात जाऊन बसले. तेवढ्यात एक दातांचा डॉक्टर आपल्या गाडीतून हात हलवत बाजूनं पुढे गेला. गवताचं मास्तरांना काही वाटलं नाही. तो हात फार लागला.

"आणि हे तिसरे?"

"हे अस्सल ट्रॅकचे. कितीही तापवा, दगा देणार नाहीत. पण गार असले की धरत नाहीत. शिवाय किंचाळतात."

"किंचाळू देत. माझे विद्यार्थीसुद्धा किंचाळतात."

उस्तादांनी पुष्कळ समजावलं. शेवटी तोडगा निघाला तो असा, की ट्रॅकला जाताना हे पॅड लावायचे आणि परत आल्यावर जुने चढवायचे. "जुने अजून चांगले आहेत, जपून ठेवा," उस्ताद म्हणाले. मास्तरांनी जुने पॅड एका खोक्यात घालून जिन्याखाली ठेवले, आणि पुढच्या रविवारी त्या शेवटच्या वळणावर दातांच्या डॉक्टरला असं काही मागे टाकलं, की घरी येईपर्यंत गाडीच्या काचा खाली ठेवून ते एकटेच हसत होते.

एवढं झाल्यावर ते ब्रेक उतरवायला कुणाचा हात धजेल? आज काढू, उद्या काढू करता करता महिना गेला. त्या महिन्यात गाडी रोज चालवत होती ती मास्तरांची बायको. ती एका शाळेत गणित शिकवायची, आणि जाताना लेकीला कॉलेजात सोडायची.

"अहो, ही गाडी थांबत नाहीये," तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं.

"थांबते. आधी तापवावी लागते."

"तापवायला तो काय तवा आहे?"

"तुला त्यातलं कळायचं नाही. हे वरच्या दर्जाचे ब्रेक आहेत."

बायकोनं पुन्हा विषय काढला नाही. तिनं विषय सोडला की काळजी करायची असते, हे इतक्या वर्षांच्या संसारानंतरही मास्तरांच्या लक्षात आलेलं नव्हतं.

त्यांना काळजी होती ती वेगळीच. शहराला गाडी शिकवणाऱ्या मास्तरांची पोटची पोर लायसनच्या परीक्षेत दोनदा नापास झाली होती. दोन्ही वेळा कारण एकच, पांढऱ्या रेषेवर गाडी थांबली नाही. खरं तर यात पोरीचा फारसा दोष नव्हता. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मास्तरांच्या पायाखाली एक जादा ब्रेक होता, आणि लेक शेजारी असली की मास्तरांचा जीव इतका वरखाली व्हायचा, की तिच्या मनात थांबायचं येण्याआधीच त्यांचा पाय तो ब्रेक दाबून मोकळा व्हायचा. लेकीची समजूत अशी झाली, की योग्य जागा आली की गाड्या आपोआप थांबतात. परीक्षेत शेजारी परीक्षक साहेब होते. गाडी आपोआप थांबली नाही.

गल्लीतला न्हावीसुद्धा विचारायला लागला, "मास्तर, ताईंचं काय झालं?" मास्तरांना नाक कापल्यासारखं व्हायचं. आता तिसरी परीक्षा होती. यावेळी लेकीनं स्वतःहून सांगितलं, "बाबा, मला शाळेची गाडी नको. घरची गाडी द्या." मास्तर खूष झाले. म्हणाले, "दिली! सकाळी जुने ब्रेक चढवतो आणि देतो."

परीक्षेच्या दिवशी सकाळी बाह्या वर सारून मास्तर जिन्याखाली वाकले. तिथे एक नवीकोरी निळी बादली होती. खोकं नव्हतं.

"अगं, इथलं खोकं कुठे गेलं?"

"ते लोखंडाचे काळे तुकडे? भंगारवाल्याला दिले. बादली दिली त्यानं. चांगली जाड आहे."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी उस्तादांना फोन लावला, तर गॅरेजला नेमकी आज सुट्टी आणि उस्ताद सासुरवाडीला. "तुमचे पॅड असे कुठेही मिळायचे नाहीत," ते तिकडून म्हणाले. "आज ट्रॅकचेच राहू द्या. फक्त गरम ठेवा म्हणजे झालं."

मास्तरांनी ते शब्द घट्ट धरले. परीक्षेच्या मैदानावर पोचताच त्यांनी लेकीला रांगेत उभं केलं. "तुझा नंबर येईपर्यंत मी गाडी गरम करतो. तू फक्त बस आणि चालव."

"बाबा, त्याची काही गरज—"

"तू मन शांत ठेव!" मास्तर ओरडले आणि गाडीत बसले.

मैदानाला वळसा घालणारा रस्ता होता. मास्तर जोरात निघायचे, कोपऱ्यावर करकचून ब्रेक दाबायचे, की परत जोरात निघायचे. दर कोपऱ्याला गाडी अशी किंकाळी फोडायची, की पहिल्या फेरीत झाडावरची कबुतरं उडाली, दुसऱ्या फेरीत कचेरीच्या खिडक्या उघडल्या आणि तिसऱ्या फेरीत फाटकावरचा पहारेकरी शिट्टी वाजवत मागे धावला. "दोनच मिनिटं, दादा! लेकीची परीक्षा आहे!" मास्तर खिडकीतून ओरडले आणि चौथ्या फेरीला निघाले. पाचव्या फेरीला ब्रेकमधून धुराचा वास यायला लागला. मास्तरांनी तो समाधानानं ओढून घेतला. आता हे ब्रेक उडत्या पाखरालाही थांबवतील.

गाडी झोकात फाटकाशी आणून ते उतरले. "चल, बेटा! लगेच!"

पण लेकीच्या पुढे एक जाडजूड गृहस्थ होते आणि त्यांना गाडी मागे घेऊन दोन खांबांच्या मध्ये उभी करायची होती. ते मागे आले, पुढे गेले, परत मागे आले, उतरून खांब बघून आले. मास्तर चाकाजवळ उकिडवे बसून हात लावून पाहत होते. आधी चटका बसला, मग नुसतं कोमट लागलं. गृहस्थांनी शेवटी एक खांब आडवा केला आणि परीक्षक साहेबांनी त्यांना उतरवलं, तोवर ब्रेक पार गार पडले होते.

साहेब लेकीशेजारी बसले. गाडी निघाली. मास्तर कुंपणाला दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. एकदा डोळे मिटून घ्यावेत असंही वाटलं, पण आपली पोर आपण नाही बघायची तर कुणी? ते बघत राहिले.

लेकीनं वेग धरला. दूरवर पांढरी रेषा होती. आणि रेषा येण्याच्या कितीतरी आधी तिनं पाय उचलला. गिअर खाली आला, गाडी सुस्तावली. मग ब्रेकला नुसता स्पर्श, एकदा, दोनदा. चुईं असा बारीक आवाज झाला आणि पुढची चाकं रेषेशी येऊन उभी राहिली, बोटभर अलीकडे. पुढे मैदानाभोवतीच्या रस्त्यावर एक सायकलवाला मागे न बघता मध्ये घुसला, तर तो घुसायच्या आधीच गाडी हळू झालेली होती. तिनं ते कसं ओळखलं, देव जाणे. मास्तरांनी आयुष्यात शेकड्यांनी माणसं शिकवली, पण गाडी इतकी शहाण्यासारखी चालवताना त्यांनी कुणाला पाहिलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या जाड गृहस्थांना कोपरानं ढोसून ते म्हणाले, "माझी लेक आहे ती."

गाडी परत आली. साहेब उतरले आणि मास्तरांकडे वळले. "पास. मास्तर, असं चालवणं मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नाही. ब्रेकवर भिस्तच नाही! सगळं आधी हेरून ठेवते." मग लेकीला विचारलं, "कोणी शिकवलं गं?"

मास्तरांनी कॉलर नीट केली.

"आईनं," लेक म्हणाली. "महिनाभर, रोज कॉलेजला जाताना. या गाडीला ब्रेक नाहीतच असं समजून चालव, म्हणाली. थांबायचं कुठे ते आधी ठरव, ब्रेक नंतर."

मास्तरांचा हात कॉलरवरच राहिला. क्षणभर त्यांना फार वाईट वाटलं. दुसऱ्याच क्षणी वाटलं, की आपण ब्रेक निवडण्यात घोळ घातला खरा, पण बायको निवडताना मात्र एका भेटीत हो म्हटलं, आणि ती निवड काय बिनचूक निघाली! त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"आणि मास्तर," साहेब जाता जाता म्हणाले, "घरी जाताना गाडी हिलाच चालवू द्या. तुमच्या पाच फेऱ्या मी खिडकीतून मोजल्यात."

मास्तर निमूटपणे बाजूच्या सीटवर बसले. वाटेत एका सिग्नलला गाडी चुईं करून उभी राहिली, तसा शेजारचा मोटारसायकलवाला वाकून चाकांतून बघायला लागला. त्याचे डोळे चमकले.

"काका, हे ट्रॅकचे ना? भारीच! कुठून बसवले?"

एरवी या प्रश्नावर मास्तर सिग्नल तीनदा हिरवा होईपर्यंत बोलले असते. आज त्यांनी काच पूर्ण खाली घेतली आणि छाती फुगवून शेजारी हात दाखवला.

"ब्रेकचं सोडा हो," ते म्हणाले, "ड्रायव्हर बघा!"